रासायनिक प्रकल्पांचा जमाखर्च आणि आपला समाज

(संस्थेच्या वर्धापन दिनानिमित्त झालेल्या प्रबोधन सत्रातील भाषणाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मृतीस विनम्र अभिवादन करून मी माझ्या विषयाकडे वळतो.

कार्यकारिणीने मला बोलण्यास सांगितले तेव्हा बचत, कर्ज, विद्यार्थ्यांसाठीच्या शैक्षणिक कर्ज योजना यांपैकी एखादा विषय मी घेईन अशी बहुतेकांची समजूत असणार. बँकेतला कारकून दुसरे काय बोलणार! परंतु मी मुद्दाम वेगळा विषय घेतला आहे. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात नवे पेट्रोकेमिकल कारखाने यावेत की नाहीत, हा तो विषय. माझे मत मी सुरुवातीलाच सांगतो. ते येऊ नयेत असे मला वाटते. मी शास्त्रज्ञ नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. मात्र इतकी वर्षे खातेवहीशी संबंध आल्यामुळे एक सवय लागली आहे. कोणतीही नोंद समोर आली की तिच्या दोन्ही बाजू पाहायच्या. रक्कम जमा कोणाच्या खात्यात झाली आणि नावे कोणाच्या खात्यात पडली, हे पाहिल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. या प्रकल्पांची जमेची बाजू आपल्याला पुष्कळदा ऐकवली जाते. नावे बाजू कोणाच्या खात्यात पडते, हे आज आपण पाहू.

प्रथम पेट्रोकेमिकल म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. जमिनीतून निघालेले कच्चे तेल शुद्धीकरण कारखान्यात तापवून त्यातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल, नाफ्था असे घटक वेगळे केले जातात. त्यातील नाफ्था वाफेबरोबर आठशे अंशांपेक्षा जास्त तापमानाच्या भट्टीतून नेला की त्याचे मोठे रेणू फुटतात आणि इथिलीन, प्रॉपिलीन, ब्युटाडाईन, बेंझीन असे पदार्थ मिळतात. यांपासून प्लास्टिक, कृत्रिम धागा, रबर, रंग, कीटकनाशके तयार होतात. आपल्या घरातील बादली, पाण्याचा पाइप, दुधाची पिशवी ही सगळी या भट्टीची लेकरे. वस्तू उपयोगाच्या आहेत हे कोणी नाकारत नाही. परंतु या भट्ट्या, त्यांच्या हजारो झडपा, नळांचे सांधे, साठवणुकीच्या टाक्या यांतून थोडा थोडा वायू सतत बाहेर पडत असतो. बिघाड झाला किंवा भट्टी बंद-चालू करावी लागली की नको असलेला वायू उंच चिमणीवर जाळून टाकतात. हे सगळे शेवटी आजूबाजूच्या माणसांच्या छातीत जाते.

आता आपल्या जिल्ह्याचा इतिहास पाहू. तरुण मुलांपैकी अनेकांना कदाचित ठाऊक नसेल की रत्नागिरीकरांनी तीस वर्षांपूर्वी एक मोठा प्रकल्प परत पाठवला आहे. १९९२ मध्ये स्टरलाइट कंपनीला तांबे वितळवण्याच्या कारखान्यासाठी औद्योगिक विकास महामंडळाने रत्नागिरीत ५०० एकर जमीन दिली. बांधकाम सुरूही झाले. तेव्हा आंबा बागायतदार, मच्छीमार, शहरातले नागरिक असे सगळे रस्त्यावर आले. जुलै १९९३ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी कंपनीला काम थांबवण्यास सांगितले आणि शेवटी तो कारखाना तमिळनाडूत तुतिकोरीनला गेला. तिथे पुढे काय झाले ते देशाने पाहिले. प्रदूषणाविरुद्धच्या आंदोलनात २२ मे २०१८ रोजी पोलिसांच्या गोळीबारात १३ माणसे मेली. त्यानंतर आठवड्याभरात तमिळनाडू शासनाने कारखाना बंद केला आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो पुन्हा सुरू करण्याची मागणी फेटाळली. ज्यांनी १९९३ मध्ये इथे विरोध केला त्यांना तेव्हा विकासाचे शत्रू म्हटले गेले होते. मात्र मनात एक सल राहतोच. आपल्या दारातून गेलेले संकट दुसऱ्या कोणाच्या तरी दारात जाऊन बसले.

त्यानंतर आला तेलशुद्धीकरण आणि पेट्रोकेमिकलचा प्रकल्प. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तीन सरकारी कंपन्यांनी मिळून २०१७ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी स्थापन केली. वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करण्याची क्षमता, सुमारे ३ लाख कोटी रुपयांचा खर्च, राजापूर तालुक्यातील नाणारसह १४ आणि देवगड तालुक्यातील २ गावांची मिळून सुमारे १५ हजार एकर जमीन, असा तो आराखडा होता. २०१८ मध्ये सौदी अरेबिया आणि अबुधाबी येथील तेल कंपन्यांशी भागीदारीचे करारही झाले. गावांनी कडाडून विरोध केला आणि मार्च २०१९ मध्ये शासनाला जमिनीची अधिसूचना रद्द करावी लागली. परंतु प्रकल्प संपला नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य शासनाने त्याच राजापूर तालुक्यातील बारसू परिसराची जागा केंद्राला सुचवली. सत्तेवरचे पक्ष बदलले तरी प्रस्ताव तोच राहिला, हे आपण ध्यानात ठेवावे.

एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाचे काम पोलीस बंदोबस्तात सुरू झाले. ऐन वैशाखाच्या उन्हात, तापलेल्या कातळावर बायाबापड्या दिवसरात्र बसून राहिल्या, गाड्यांसमोर आडव्या झाल्या. २८ एप्रिलला लाठीमार झाला, अश्रुधूर सोडला गेला. त्याआधी ६ फेब्रुवारीला, या प्रकल्पाविषयी बातम्या देणारे राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांना भरधाव गाडीने उडवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. त्या प्रकरणी खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. ज्या सड्याला सरकारी कागदात पडीक म्हणतात त्यावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाने कोरलेली कातळशिल्पे आहेत आणि बारसूसह कोकणातील अशा स्थळांचा समावेश २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत झालेला आहे. आज बारसूत चिमणी उभी नाही. पण नाणार गेले आणि बारसू आले, तसे उद्या आणखी एखाद्या गावाचे नाव येऊ शकते. म्हणून हा विषय आपल्याला जुना समजून चालणार नाही.

बंधू-भगिनींनो, आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येतो. प्रकल्प आला की मोबदला कोणाला मिळतो? ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याला. या जिल्ह्यात आपल्या समाजाची सातबाऱ्यावरची स्थिती काय आहे, हे मी वेगळे सांगायला नको. खोती पद्धतीत आपले वाडवडील पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसत राहिले. ही पद्धत नष्ट करावी यासाठी बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. खोती कायद्याने संपली ती स्वातंत्र्यानंतर. तोवर पुष्कळ जमीन दुसऱ्यांच्या नावे राहिली ती राहिलीच. आज आमच्या काउंटरवर पीककर्जासाठी कागद घेऊन माणसे येतात तेव्हा काय दिसते? वीस-वीस गुंठ्यांच्या तुकड्यावर पंचवीस नावे. आजोबा वारले, वडील वारले, तरी वारस नोंद नाही. निम्मे हिस्सेदार मुंबईला. जो भाऊ गावी राहून प्रत्यक्ष कसतो त्याचे नावच नाही. असा माणूस कर्जाला अपात्र ठरतो आणि उद्या मोबदल्यालाही अपात्र ठरेल.

शिवाय जगण्याचे कितीतरी आधार असे आहेत की ज्यांचा सातबारा असूच शकत नाही. सड्यावर चरणारी गुरे, खाडीत ओहोटीला काढलेली कालवे आणि मुळे, दुसऱ्याच्या कलमबागेतली फवारणीची, पेटी भरण्याची मजुरी, डोक्यावर पाटी घेऊन केलेली मासळीविक्री, सड्याच्या पायथ्याशी बारमाही वाहणारा झरा. जांभ्या दगडातून पावसाचे पाणी झिरपते आणि खाली वाडीच्या विहिरीला लागते. सड्यावर काँक्रीट ओतले, त्यावर टाक्या बसवल्या, तर त्या विहिरीचे काय होईल? त्या विहिरीच्या पाण्यासाठी धनादेश कोणाच्या नावे काढणार? नाणार आणि बारसूच्या वेळी बाहेरच्या लोकांनी आधीच जमिनी घेऊन ठेवल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. म्हणजे मोबदला दूर शहरात राहणाऱ्याच्या खात्यात जमा व्हायचा आणि धूर वाडीतल्या माणसाच्या छातीत शिरायचा. मोबदला सातबारा पाहून मिळतो. धूर मात्र सातबारा विचारत नाही.

धुराचा परिणाम काय होतो, हे पाहण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नाही. आपल्यापैकी निम्म्या घरांचे नातेवाईक मुंबईत आहेत, काही चेंबूर-गोवंडी भागात आहेत. त्यांना माहुल विचारा. तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या यांच्या कुशीत हे गाव आहे. २०१३ मध्ये के. ई. एम. रुग्णालयाने तिथे पाहणी केली तेव्हा सुमारे ६७ टक्के लोकांनी महिन्यातून तीनपेक्षा अधिक वेळा श्वास लागत असल्याचे सांगितले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये तिथल्या हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे मान्य केले आणि २०२० मध्ये चार कंपन्यांना मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. आणि अशा ठिकाणी मुंबई महापालिकेने कोणाला नेऊन वसवले? जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून बेघर केलेल्या गरिबांना. त्यांना तिथे राहायला भाग पाडता येणार नाही, अन्यत्र घर द्या किंवा दरमहा १५ हजार रुपये भाडे द्या, असे २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला सांगावे लागले. विचार करा, न्यायालयाला असे सांगावे लागते म्हणजे आधी कोणीतरी कार्यालयात बसून या लोकांना तिथली हवा चालेल असे ठरवले होते.

आपल्या जिल्ह्यातील लोटे परशुराम घ्या. ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये तिथे भेट दिली आणि २०११ मध्ये अहवाल सादर केला. सांडपाणी प्रक्रिया केंद्राला सगळे सांडपाणी झेपत नाही, खेड शहराला पाणी पुरवणाऱ्या बोरज धरणाकडे जाणारा ओढा दूषित होतो, हे त्या समितीने नोंदवले. लोट्याच्या कारखान्यांत तेव्हा सुमारे ११ हजार माणसांना काम होते. मात्र दाभोळ खाडीच्या मच्छीमारांनी गाडगीळांना सांगितले की त्यांच्यातील सुमारे २० हजार जणांचा रोजगार बुडाला. आता हा जमाखर्च मांडा. जमा ११ हजार, नावे २० हजार. परंतु जमेची संख्या सरकारी पुस्तिकेत छापली जाते आणि नावे पडलेली संख्या कोणत्याच वहीत लिहिली जात नाही. कारण भोयांच्या, कोळ्यांच्या बुडालेल्या कामाला नेमणूक पत्र नसते. आणि लोकांनी बोलायचे म्हटले तर? त्याच अहवालात नोंद आहे की ऑगस्ट २००७ ते ऑक्टोबर २००९ या काळात आपल्या जिल्ह्यात १९१ दिवस जमावबंदी लागू होती.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातील नद्यांच्या ३५१ प्रदूषित पट्ट्यांची यादी केली. तिच्यात आपल्या वाशिष्ठीचा खेर्डी ते दळवटणे हा पट्टा आहे आणि महाडजवळच्या सावित्रीचाही पट्टा आहे. महाड हे नाव उच्चारले की आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर काय येते, ते सांगायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. पाणी सर्वांचे आहे, हा हक्क आपण लढून मिळवला. आता त्याच महाडच्या नदीत रसायने उतरली आणि आपण गप्प राहिलो, तर मिळवलेल्या हक्काला काय अर्थ राहिला? ओंजळ भरण्याचा हक्क आहे, पण ओंजळीतले पाणी पिता येत नाही.

रोगांविषयी दोन शब्द. बेंझीन हे निश्चित कर्करोगकारक आहे. ते हाडांच्या मगजावर परिणाम करते आणि त्यातून रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. पी. व्ही. सी. प्लास्टिक ज्यापासून बनते त्या व्हिनाइल क्लोराइडमुळे यकृताचा एक दुर्मिळ कर्करोग होतो, हे १९७४ मध्ये अमेरिकेतील लुईव्हिल येथील कामगारांवरून उघड झाले. लहान मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेतात. त्यामुळे त्यांना त्रास लवकर होतो. डिसेंबर २०२४ मध्ये जयगडला वायूचा त्रास होऊन शाळेतल्या अनेक मुलांना रुग्णालयात न्यावे लागले, ही घटना आपल्या समोरची आहे. मुले बरी झाली, याचा आनंद आहे. परंतु मोठा अपघात झाला तर? ७ मे २०२० रोजी पहाटे विशाखापट्टणमजवळ प्लास्टिकच्या कारखान्यातून स्टायरीन वायू गळला आणि शेजारच्या वस्तीतील १२ जणांचा बळी गेला. भोपाळला १९८४ मध्ये जे झाले त्याचा विषारी कचरा कारखान्याच्या आवारातून हलवला गेला तो जानेवारी २०२५ मध्ये, तब्बल चाळीस वर्षांनी. कंपनीचे नाव बदलले, मालक बदलले. वस्तीतली माणसे तीच राहिली.

काही जण म्हणतील, हे स्थानिक झाले, हवामान बदलाशी याचा काय संबंध? संबंध सरळ आहे. एक टन डिझेल जळले की सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका टनातून तीन टन कसे निघतात, असे विद्यार्थी विचारतील. तेलातील कार्बन जळताना हवेतला प्राणवायू घेतो, त्याचे वजन त्यात मिळते. वर्षाला ६ कोटी टन क्षमतेच्या कारखान्यातील बहुतांश माल इंधन म्हणून जळणार असे धरले, तर दरवर्षी सुमारे १५ कोटी टन कार्बन डायऑक्साइडची तरतूद आपण एका तालुक्यातून करणार होतो. आणि पेट्रोल-डिझेलला पर्याय निघू लागले तसे तेल कंपन्यांनी प्लास्टिककडे लक्ष वळवले आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०१८ मध्येच सांगितले की २०३० पर्यंत तेलाच्या मागणीत होणाऱ्या वाढीपैकी एक तृतीयांशाहून अधिक वाढ पेट्रोकेमिकलमुळे असेल. २०१९ मध्ये जगात सुमारे ४६ कोटी टन प्लास्टिक वापरले गेले. प्लास्टिकच्या कचऱ्यातील जेमतेम ९ टक्के पुन्हा वापरात येते. असा कारखाना एकदा उभा राहिला की तो चाळीस-पन्नास वर्षे चालतो. म्हणजे आज घेतलेला निर्णय आपल्या नातवंडांच्या खात्यात नावे पडत राहणार.

आणि त्याचे व्याज आपण भरू लागलोच आहोत. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने दापोली-मंडणगडच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आले. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेले. एकेका वादळाचे किंवा पुराचे कारण एकच एक नसते, हे मान्य. परंतु अरबी समुद्र तापतो आहे आणि तापलेल्या समुद्रावर वादळांना अधिक बळ मिळते, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत आहे. वादळानंतर पंचनामा होतो तेव्हा पुन्हा तोच प्रश्न येतो. झाडे ज्याच्या नावावर, त्याला भरपाई. त्या बागेत मजुरी करणारीला काय? पाच वर्षे झाड लागत नाही, म्हणजे तिला पाच वर्षे काम नाही. तिचा पंचनामा होत नाही.

जगातही हेच चित्र आहे. अमेरिकेत लुइझियाना राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी सुमारे १३५ किलोमीटरच्या पट्ट्यात दीडशेच्या आसपास पेट्रोकेमिकल कारखाने व तेलशुद्धीकरण केंद्रे आहेत. लोक त्या पट्ट्याला कर्करोगाची गल्ली म्हणतात. तिथे जुन्या काळी गुलामांकडून ऊस पिकवून घेतला जाई. त्या गुलामांच्या वंशजांच्या वस्त्यांशेजारीच हे कारखाने उभे राहिले. सेंट जेम्स येथील शॅरन लव्हिन या निवृत्त शिक्षिकेने घरच्या बैठकीपासून सुरुवात करून संघटना उभी केली आणि २०१९ मध्ये एका मोठ्या प्लास्टिक कारखान्याला माघार घ्यावी लागली. २०२१ मध्ये त्यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. दुसरे उदाहरण इटलीचे. व्हिचेंझाजवळच्या मितेनी या रासायनिक कारखान्याने लाखो लोकांच्या पिण्याच्या पाण्यात कधीही न विरणारी रसायने मिसळली. २०१८ मध्ये त्याचे दिवाळे निघाले आणि २०२५ मध्ये न्यायालयाने ११ जणांना शिक्षा सुनावली. त्या कारखान्याची यंत्रसामग्री २०१९ मध्ये लिलावात एका भारतीय कंपनीने घेतली आणि ती आली कुठे, तर आपल्या लोट्याला. मी कोणावर आरोप करीत नाही. परंतु तिथे जे बंद पडले ते इथेच का यावे, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

आता सर्वांत महत्त्वाच्या आक्षेपाकडे येतो. आपली मुले बेकार आहेत. मुंबईची गिरणी गेली, गावी शेती परवडत नाही. मग कारखाने नकोत तर मुलांनी करायचे काय? हा प्रश्न खोटा नाही. मी त्याला टाळून जाणार नाही. साधा हिशेब करू. प्रकल्पाचा खर्च ३ लाख कोटी रुपये. त्यातून एक लाख रोजगार मिळतील असे उदार मनाने धरू. म्हणजे एका रोजगारामागे ३ कोटी रुपये. या प्रकारच्या कारखान्यात पैसा यंत्रात जातो, माणसात नाही. बांधकामाची तीन-चार वर्षे मजूर लागतात, नंतर लागतात ते प्रशिक्षित तंत्रज्ञ. आपल्या वाट्याला सुरक्षा रक्षक, साफसफाई आणि ठेकेदाराकडची हंगामी कामे येतात. बँकेच्या व्यवहारात आम्ही पाहतो की १० लाखांच्या कर्जावर आंबा-काजू प्रक्रियेचा छोटा कारखाना उभा राहतो आणि चार-सहा घरांची चूल त्यावर पेटते. ३ कोटींत असे तीस कारखाने होतील. असे छोटे उद्योग, मासळीवरील प्रक्रिया, शीतगृहे, पर्यटन, घरावरची सौर वीज, ग्रामीण भागातील रुग्णालये यांसाठी एवढ्या रकमेचा शंभरावा हिस्सा जरी या जिल्ह्यात आला तरी चित्र पालटेल. आपला विरोध उद्योगाला नाही. ज्याचा नफा एकाच्या खात्यात जमा होतो आणि आजार दुसऱ्याच्या खात्यात नावे पडतो, त्या व्यवहाराला आपला विरोध आहे.

मग आपण करायचे काय? नुसत्या घोषणांनी काम होणार नाही. मी काही गोष्टी सुचवतो, संस्थेने त्यांचा विचार करावा.

पहिली गोष्ट, प्रत्येक वाडीतील वारस नोंदी आणि कुळांच्या नोंदी पूर्ण करून घेण्याची मोहीम संस्थेने हाती घ्यावी. प्रकल्प येवो वा न येवो, कागद आपल्या नावाचा असलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट, जनसुनावणी. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेप्रमाणे अशा प्रकल्पाला मंजुरीपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते. किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो आणि लोकांची लेखी निवेदने नोंदवून घ्यावी लागतात. आपल्या पदवीधर मुलामुलींनी तो सारांश वाडीत वाचून दाखवावा. आजीबाई बोलल्या तर त्यांचे म्हणणे मराठीत लिहून काढून, अंगठा घेऊन सादर करावे. जे लिहिले जाते ते उद्या न्यायालयात उभे राहते. जे नुसते बोलले जाते ते वाऱ्यावर जाते. ग्रामसभेचेही तसेच. बारसू परिसरातील ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले. ते कागदावर आहेत म्हणून आज त्यांचा आधार घेता येतो.

तिसरी गोष्ट, जे कारखाने आज आहेत त्यांच्याविषयी प्रश्न विचारणे. आपत्तीच्या वेळी भोंगा वाजला तर कोणत्या दिशेने पळायचे, हे शाळेतल्या मुलांना सांगितले आहे का? १९९१ च्या सार्वजनिक दायित्व विमा कायद्याप्रमाणे धोकादायक कारखान्याने विमा उतरवला आहे का? विम्याची चौकशी करायला तरी बँकेतल्या माणसांनी पुढे यावे, मी स्वतः तयार आहे.

चौथी गोष्ट, नोंदवही. वाडीत कोणाला दमा, कोणाला कर्करोग, कोणत्या साली, विहिरीचे पाणी कधी बदलले, मासळी कधी मेली, याची साधी वही प्रत्येक शाखेने ठेवावी. लोट्याला बुडालेल्या कामाची वही कोणी ठेवली नव्हती, म्हणून तो आकडा आजही कोणत्या सरकारी पुस्तिकेत नाही. ती चूक आपल्या गावी होऊ नये.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक सांगतो. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या राज्यघटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदात जीविताचा अधिकार आहे. स्वच्छ हवा आणि पाणी हा त्याच अधिकाराचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सांगितले. हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हाही त्याचा भाग आहे, असे २०२४ मध्ये सांगितले. म्हणजे शस्त्र हातात आहे, ते चालवणारे वकील, रसायनशास्त्राचे पदवीधर, डॉक्टर, पत्रकार आपल्यातून तयार व्हायला हवेत. पूर्वी अन्याय गावकीत व्हायचा, तोंडावर व्हायचा. आता तो आराखड्याच्या नकाशात, इंग्रजी अहवालाच्या परिशिष्टात होतो. तो वाचता आला पाहिजे. कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः तपासून पाहा, ही तर तथागतांचीच शिकवण आहे. मी आज सांगितलेलेही तपासून पाहा.

अध्यक्ष महोदयांनी दिलेली वेळ संपत आली आहे. एवढेच सांगतो की या जिल्ह्याने १९९३ मध्ये आणि २०१९ मध्ये नाही म्हणून दाखवले आहे. पुढच्या वेळी नाही म्हणताना आपला समाज गर्दीत मागे उभा नसावा, हिशेबाची वही हातात घेऊन पुढे असावा. 

जय भीम! जय भारत!